कॅन्सर चालतो, टीबी चालत नाही

डॉक्टरांनी विचारलं, "यांना पूर्वी कधी टीबी झाला होता का?"

मी म्हणालो, "नाही."

प्रश्न माझ्या बायकोला, सुनंदाला होता. छाती तिची, खोकला तिचा, थुंकीतलं रक्त तिचं. ती उत्तर द्यायला तोंड उघडत होती हे मी पाहिलं आणि तिच्या आधी बोललो. डॉक्टरांनी एक्स-रे पुन्हा उजेडावर धरला. डाव्या बाजूला वरती बोट ठेवून म्हणाले, "इथं जुना व्रण असल्यासारखं वाटतंय. नक्की नाही ना?"

"नक्की नाही," मी म्हणालो. "लग्नानंतर एकदा न्यूमोनिया झाला होता, तेवढाच."

हे खोटं होतं. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी सुनंदाला टीबी झाला होता. सगळी औषधं घेऊन ती पूर्ण बरी झाली होती. हे मला माहीत होतं, तिला माहीत होतं, आणि त्या खोलीत ज्यांना माहीत असायला हवं होतं त्या एकट्या डॉक्टरांना माहीत नव्हतं. त्या एका शब्दामुळे माझी बायको कित्येक आठवडे कॅन्सरची पेशंट म्हणून जगली. हे मी आधीच लिहून टाकतो. पुढं मी बऱ्याच जणांवर चिडणार आहे. डॉक्टरांवर, पाहुण्यांवर, आमच्याकडच्या रीतीवर. पण रांगेत पहिला मी आहे.

मी खोटं का बोललो, तर त्या खोलीत बन्सीआबा बसले होते.

आमच्या अश्विनीच्या, म्हणजे मुलीच्या, सोयरिकीचं बोलणं त्याच सुमारास चालू झालं होतं आणि बन्सीआबा त्यातले मध्यस्थ होते. मुलाकडच्यांच्या भावकीतलेच. आम्ही आमच्या गावाहून, निमोण्याहून, शिरूरला दवाखान्यात निघालोय म्हटल्यावर ते म्हणाले, "एसटीनं कशाला जाताय? गाडी हाय की आपली. डॉक्टर बी वळखीचा हाय, नंबर म्होरं लावू." आमच्याकडे दवाखान्यात पेशंट एकटा आत जात नाही. बरोबर आलेलं सगळं माणूस आत जातं आणि खुर्च्या कमी पडल्या तर भिंतीला उभं राहतं. आबांनी गाडी आणलेली, नंबर लावलेला. त्यांना बाहेर बसा म्हणायची माझी टाप नव्हती. आणि त्यांच्यासमोर टीबीचं नाव काढायचं म्हणजे सोयरीक तिथंच संपली असती.

बाहेर आल्यावर सुनंदा हळूच म्हणाली, "सांगायचं हुतं का वं?"

मी तिच्यावर खेकसलो. "पोरीचं लग्न करायचंय का नाही तुला?"

ती गप्प बसली. ती तशी गप्पच बसत आली होती, आणि तिला गप्प बसायला आम्हीच शिकवलं होतं.

लग्नानंतरच्या त्या दिवसांत माझी आई हयात होती. सुनंदाला टीबी निघाल्यावर आईनं तिला माहेरी, खुटबावला पाठवून दिलं. तिचा भाऊ दत्ता तेव्हा कॉलेजात होता. तो तिला सायकलवर बसवून सरकारी दवाखान्यात गोळ्यांना न्यायचा. मी रांजणगावला नुकताच नोकरीला लागलो होतो. सुट्टी मिळत नाही, हे कारण मी सांगायचो. सुट्टी मिळायची, मी घाबरायचो. ती बरी होऊन परत आली तेव्हा आईनं तिला उंबऱ्यातच सांगितलं, "नांदायचं आसंल तर त्या रोगाचं नाव पुन्यांदा तोंडातनं काढायचं न्हाई. कुणी इचारलं तर निमोनिया." मी तिथंच उभा होतो. एक शब्द बोललो नाही. अश्विनी झाली तेव्हाही दवाखान्यात आम्ही न्यूमोनियाच सांगितला. इतक्या वेळा सांगितला की मलाच तो खरा वाटायला लागला होता.

खोकला सुरू झाला तो गेल्या वर्षी श्रावणात, आम्ही कांद्याची चाळ फोडली त्या दिवसांत. उन्हाळी कांदा चाळीत भरून ठेवतात आणि भाव बघून पावसाळ्यात काढतात. तोवर बराच सडलेला असतो. सडक्या कांद्याच्या पापुद्र्याखाली काळी भुकटी धरते. बायका निवडायला बसल्या की ती काजळीसारखी उडते, पदरावर, नाकात, घशात. सुनंदा दरवर्षी निवडायला बसायची. खोकला आला की आम्ही म्हणायचो, कांद्याचा आहे, जाईल.

तो गेला नाही. ती वाळायला लागली. संध्याकाळचा बारीक ताप यायचा. गावातल्या डॉक्टरनं इंजेक्शनं दिली. दोन दिवस इतकं बरं वाटायचं की आम्ही त्याला देव मानायला लागलो. नंतर कळलं की ती स्टेरॉइडची होती. स्टेरॉइड म्हणजे सूज दाबणारं जोरदार औषध. त्यानं बरं वाटतं, पण शरीराची लढायची ताकदही दबते. आतल्या रोगाला मोकळं रान मिळतं. हे त्या माणसाला माहीत नसेल असं मी मानत नाही. माहीत असून दिली, कारण पेशंटला लगेच उतार पाहिजे असतो आणि पेशंट पुन्हा आला पाहिजे असतो.

एक दिवस मोरीत तोंड धुताना रक्त पडलं. तिनं पाणी ओतून टाकलं आणि कुणाला सांगितलं नाही. दुसऱ्यांदा अश्विनीनं बघितलं. मग शिरूर, मग तो प्रश्न आणि माझं उत्तर.

शिरूरच्या डॉक्टरांनी सीटी स्कॅन करायला सांगितला. सीटी म्हणजे छातीचे आडवे काप काढल्यासारखे फोटो. त्याच्या रिपोर्टमध्ये होतं की डाव्या फुफ्फुसाच्या वरच्या भागात गाठ आहे, आत थोडी पोकळी आहे, कडा वेड्यावाकड्या आहेत, कॅन्सरची शक्यता जास्त वाटते, इतर कारणं वगळण्यासाठी पेशींची तपासणी करावी. मी तो रिपोर्ट नंतर पुष्कळदा वाचला. वाक्याचा दुसरा अर्धा भाग तिथंच होता, ठळक. आम्ही कुणी तो वाचला नाही. शिरूरच्या डॉक्टरांनीही पहिलाच अर्धा वाचून दाखवला. "पुण्याला न्या," म्हणाले. "उशीर करू नका. टीबीची हिस्ट्री असती तर मी वेगळा विचार केला असता. पण तुम्ही नाही म्हणताय."

मला पुन्हा संधी मिळाली होती. बन्सीआबा खुर्चीत तसेच बसलेले होते. मी रिपोर्ट पिशवीत घातला आणि उठलो.

पुण्यात पेट स्कॅन झाला. पेट म्हणजे सुईतून साखरेसारखं एक औषध देतात. शरीरात ज्या पेशी जास्त साखर खातात त्या फोटोत चमकतात. कॅन्सरच्या पेशी अधाशी असतात म्हणून चमकतात. सुनंदाची गाठ लखलखत होती. तो चित्राचा कागद बघून मी हॉस्पिटलच्या जिन्यात बसून रडलो. जंतुसंसर्गाची जागासुद्धा अशीच चमकते, तिथंही पेशी लढत असतात आणि साखर खात असतात, हे मला कुणी सांगितलं नाही. कदाचित सांगितलं असेल. ज्या घाईत तिथं बोलतात त्या घाईत कानावरून गेलं असेल. पेशंटचं माणूस रडत असताना त्याला एकदा बसवून नीट सांगायला किती वेळ लागतो? आत पुढचा नंबर पुकारलेला असतो.

मग बायोप्सी झाली. सीटीच्या फोटोत बघत पाठीतून सुई घालून गाठीचा तुकडा काढतात. रिपोर्ट आला: मेलेल्या पेशी, सूज, कॅन्सरच्या पेशी दिसल्या नाहीत, निष्कर्ष काढता येत नाही, तपासणी पुन्हा करावी.

दिसल्या नाहीत हे वाचून दुसरं कुणी आनंदलं असतं. आमच्या घरी सगळे म्हणाले, सुई चुकली. कॅन्सरच्या डॉक्टरांनी मला स्पष्ट सांगितलं होतं, "पुराव्याशिवाय मी केमो देणार नाही. पुन्हा बायोप्सी करू, नाहीतर नाकातून दुर्बीण घालून बघू." हे शब्द मी त्यांच्या बाजूनं इथं लिहून ठेवतो, कारण ते बरोबर होते. तोवर घरात बसायला येणाऱ्यांनी मला पढवलं होतं की गाठीला सुई लागली की कॅन्सर पेटतो. कुणाच्या चुलत्याचं उदाहरण, कुणाच्या सासूचं. मी कंपनीत क्वालिटीला आहे. एखादा पार्ट बिघडला तर का बिघडला, हे एकामागून एक पाच वेळा विचारल्याशिवाय आम्ही कागदावर सही करत नाही. आणि बायकोच्या बाबतीत कुणाच्या तरी चुलत्यावर विश्वास ठेवून मी डॉक्टरांना सांगितलं, "विचार करून सांगतो." ते सांगायला मी परत गेलोच नाही.

सुनंदाला आम्ही कॅन्सर हा शब्द सांगितला नव्हता. साधी गाठ आहे म्हणालो होतो. ती एकदा पोळ्या लाटता लाटता म्हणाली, "साधी गाठ बघायला नारायणगावची मावळण येत आसती व्हय? येतीया, माज्याकडं बघती आन् पदर डोळ्याला लावती. मला येडी समजता का तुमी?"

आता मला ज्या गोष्टीचा सगळ्यात जास्त संताप येतो ती सांगतो.

मला वाटलं होतं, आईला कॅन्सर आहे म्हटल्यावर सोयरीक मोडेल. बन्सीआबांच्या कानावर ते गेलेलंच होतं. ते मुलाच्या वडिलांना घेऊन आले. वडील माझा हात हातात घेऊन म्हणाले, "पाव्हणं, धीर सोडू नका. आपुन तुळशीचं लगीन झालं की पैल्या तिथीलाच उरकून टाकू. म्हंजी आईच्या डोळ्यादेखत हुईल." आबा म्हणाले, "माणुसकी म्हंत्यात ती हीच." माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी त्या माणसाच्या पायाला हात लावायला वाकलो होतो.

ते गेल्यावर माझ्या लक्षात आलं की मला हायसं वाटतंय. माझी बायको मरणार असं मी समजत होतो आणि मला हायसं वाटत होतं, कारण कॅन्सर चालला. मरणारी आई चालते. कॅन्सरला दया मिळते, तिथीसुद्धा लवकरची मिळते. टीबी होऊन बरी झालेली, रानात राबणारी, कुणालाही लागण न देणारी आई चालत नाही. हा आमच्या भागाचा हिशेब आहे आणि मी त्यात नीट बसत होतो.

दुसऱ्या दिवशी अश्विनी म्हणाली, "पप्पा, आईला डॉक्टरकडं न्यायचं सोडून तुम्ही मांडवाचं बघताय." मी तिला म्हणालो, तुला कळत नाही.

भाऊबीजेला सुनंदा खुटबावला जायचं म्हणाली. शेवटची भाऊबीज, असं सगळ्यांच्या मनात होतं, म्हणून कुणी अडवलं नाही. दत्तानं येऊन तिला नेलं. मी पाडवा झाल्यावर कामावर गेलो. भाऊबीजेच्या दिवशी दुपारी शिफ्टमध्ये असताना दत्ताचा फोन आला. ओवाळायला उभी राहिली, खोकला आला आणि रक्त थांबेना. त्यानं तिला दौंडला एका हॉस्पिटलात नेलं होतं.

मी मोटारसायकल काढली. दौंडला पोचेपर्यंत रक्त थांबवायची औषधं देऊन झाली होती आणि ती एका कुशीवर पडलेली होती. तिथल्या छातीच्या डॉक्टर बाई होत्या, माझ्यापेक्षा वयानं लहान. मी येण्याआधी त्यांनी एक साधी गोष्ट केली होती. दत्ताला म्हणाल्या होत्या, "भाऊ, तुम्ही बाहेर बसा. मला यांच्याशी बोलायचंय." दार लावून सुनंदाजवळ बसल्या आणि तिलाच विचारलं.

सुनंदानं मला नंतर सांगितलं, "त्यांनी माज्याकडं बघून इचारलं. दुसरं कुणीच नव्हतं तितं. मग मी सांगून टाकलं. टीबी, गोळ्या, समदं. कांद्याचं बी इचारलं त्यांनी, काय काम करता म्हणून. आजपातूर कुणी इचारलंच नव्हतं मी काय काम करती."

कितीतरी डॉक्टर झाले होते. फॉर्मवर सगळ्यांनी लिहिलं होतं, व्यवसाय: गृहिणी.

मी वॉर्डाच्या दारात पोचलो तर दत्ता उभा होता. तो मला दाजी म्हणतो, वरच्या आवाजात कधी बोललेला नाही. तो म्हणाला, "दाजी, बाजारात बैल इकतानासुदिक माणूस त्याची खोड सांगतो. तुमी माज्या बहिणीची खोड डॉक्टरपासनं लपवली? मी तिला सायकलवर नेत हुतो तवा तुमी कुठं हुता? रांजणगावला. आन् आता कुठं हुता? रांजणगावलाच."

मी म्हणालो, "पोरीच्या लग्नापायी..."

"पोरीला आई नको का लग्नात? का फोटो लावणार हुता?"

 

डॉक्टर बाईंनी मला आत बोलावलं. जुना सीटी लावून ठेवला होता. काय काम करता, म्हणाल्या. मी सांगितलं, क्वालिटीला आहे. त्या म्हणाल्या, "मग मटेरियलचा जुना दोष लपवून आलेला माल तुम्ही पास करता का? नाही ना? आम्हीही माणसंच आहोत. जे दिसतं आणि जे सांगितलं जातं, त्यावर चालतो."

मग त्यांनी समजावलं. टीबी बरा झाला तरी फुफ्फुसात त्याची पोकळी राहू शकते, घर मोडल्यावर धान्य साठवायचं बळद राहावं तशी. हवेत बुरशीचे बारीक कण असतात, सडक्या कांद्यात, ओल्या कडब्यात, जुन्या भिंतीत. आपण सगळेच ते श्वासातून घेतो आणि शरीर ते बाहेर टाकतं. पण अशा पोकळीत ते अडकले तर तिथं मूळ धरतात, वाढतात, त्यांचा गोळा होतो. त्या बुरशीचं नाव ॲस्परजिलस. खोकला, वजन उतरणं, रक्त पडणं, स्कॅनमध्ये गाठ, पेटमध्ये चमक. सगळं कॅन्सरसारखं. मी विचारलं, कांद्यामुळंच झालं का? त्या म्हणाल्या, "ते मी छातीठोक सांगणार नाही. ही बुरशी सगळीकडे असते. पण मला आधी टीबी कळला असता तर पहिली शंका हीच आली असती. कुणालाही आली असती."

"मग कॅन्सर नाही?" मी विचारलं.

"मला तसं वाटतं. वाटण्यावर मी औषध देत नाही. आधी तपासू."

रक्त पूर्ण थांबल्यावर त्यांनी सीटी पुन्हा करायला लावला, पण या वेळी सुनंदाला पालथं झोपवून. पडद्यावर दोन्ही फोटो शेजारी ठेवून मला दाखवले. उताणी असताना गोळा पोकळीच्या पाठीकडच्या बाजूला बसला होता. पालथी झाल्यावर तो छातीकडच्या बाजूला येऊन पडला होता आणि त्याच्यावर हवेची चंद्रकोर दिसत होती. "बघा, सरकला," त्या म्हणाल्या. "कॅन्सरची गाठ सहसा अशी सुटी नसते."

पालथं झोपवायचं. एवढंच करायचं होतं. मी त्या पडद्याकडे बघत राहिलो आणि मला इतका राग आला की खुर्चीचा दांडा माझ्या हातात करकरला. कुणावर आला म्हणाल तर त्या क्षणी सगळ्यांवर आला. पण राग फिरून फिरून एकाच ठिकाणी येत होता. पालथं झोपवून बघावं असं कुणाला का सुचलं नाही? कारण जुनी पोकळी असेल असं कुणाला वाटलं नाही. का वाटलं नाही? कारण पेशंटला टीबी कधी झालाच नव्हता. हे कुणी सांगितलं? पाच वेळा 'का' विचारायचीसुद्धा गरज पडली नाही.

पुढं ब्रॉन्कोस्कोपी झाली. नाकातून फुफ्फुसात बारीक दुर्बीण घालून आतलं पाणी तपासायला काढतात. सुईची मला भीती होती, पण या वेळी मी विचार करून सांगतो म्हणालो नाही. मला विचारलंच नाही कुणी. सुनंदाला विचारलं, तिनं सही केली. त्या पाण्यात टीबीचे जंतू नव्हते, म्हणजे टीबी उलटला नव्हता. कॅन्सरच्या पेशी नव्हत्या. बुरशी होती. तिला वाढायला प्रयोगशाळेत काही दिवस लागले, पण वाढली. रक्तातही तिच्याविरुद्धचे घटक भरपूर निघाले. डॉक्टर बाईंनी बुरशीच्या गोळ्या सुरू केल्या. त्या महिनोन्महिने घ्याव्या लागतात आणि मधूनमधून यकृताची तपासणी करावी लागते. कुणी पोटदुखी झाली म्हणून मनानं बंद करू नका. आणि रक्त पडलं तर घरी थांबू नका, पाणी ओतून टाकू नका.

माझं वाचून कुणी असाही अर्थ काढू नका की फुफ्फुसातली प्रत्येक गाठ बुरशीची असते आणि डॉक्टर उगाच घाबरवतात. तसं नाही. कॅन्सर असेल तर त्याचा पुरावाही त्याच सुईनं आणि त्याच दुर्बिणीनं मिळतो, आणि लवकर मिळाला तर माणूस वाचतं. मला सांगायचं आहे ते इतकंच की पुरावा आल्याशिवाय कुणाला मरणाला टेकवू नका, आणि पुरावा शोधणाऱ्याच्या हातात खोटं देऊ नका. पेशंटला विचारलं तर पेशंटला बोलू द्या. तुम्ही नवरा असाल, मुलगा असाल, गाडी तुमची असेल. बाहेर बसा.

सुनंदा घरी आल्यावर मी तिच्याजवळ गेलो. ती ओसरीवर ऊन खात बसली होती. मी म्हणालो, "माझं चुकलं."

ती म्हणाली, "मला कशाला सांगताय? चुकलं हे मला काय आजच कळलंय का? ज्याच्यासमोर न्हाई म्हणालात, त्याच्यासमोर सांगा."

"आबांच्या समोर? अगं, परवा सुपारी फोडायला येणार आहेत."

"मग बरंच की. समदीच असत्याल."

ती रागात नव्हती, उलट शांत होती. मला ते जास्त लागलं. मी अश्विनीकडे बघितलं. वाटलं, लेक तरी मध्ये पडेल, तिच्या सोयरिकीचा प्रश्न आहे. ती म्हणाली, "माझ्याकडं बघू नका, पप्पा. आईच्या छातीवर उभं राहून मला बोहल्यावर चढायचं नाही."

आज सुनंदाचं वजन भरलं आहे. ताप नाही, रक्त नाही. गोळ्या अजून चालू आहेत, तपासणीला आम्ही दौंडलाच जातो आणि ती आत एकटी जाते. या वर्षी कांदा निवडायला तिला बसू दिलं नाही. ती चाळीपासून लांब, बाजेवर बसून बायकांना हुकूम सोडते. सोयरिकीचं काय झालं तेही इथंच सांगतो, त्याची उत्सुकता ठेवावी असं त्यात काही नाही. मोडली. अश्विनी पुण्यात शिकते आहे आणि लग्नाचा विषय आम्ही काढत नाही.

पण त्या सुपारीच्या बैठकीबद्दल मला लिहायचं आहे. त्यासाठीच मी हे सगळं लिहायला बसलो.

ओसरीवर सतरंजी टाकली होती. मुलाचे वडील, त्यांचे भाऊ, बन्सीआबा, गावातली चार मोठी माणसं. बायका आतल्या दाराशी. चहा फिरला. दत्ता खुटबावहून आला होता, तो खांबाला टेकून उभा होता. आबांनी सुपारी ताटात ठेवायला सांगितली तेव्हा मी म्हणालो, "थांबा. आधी एक सांगायचंय. सुनंदाला कॅन्सर नाही. बुरशी निघाली. औषधानं बरी होतीय."

"आरं वा!" आबा म्हणाले. "मग तर तोंड गोड करा की पाव्हणं!"

"आणि बुरशी झाली ती जुन्या टीबीमुळं. तिला लग्नानंतर टीबी झाला होता. पूर्ण बरा झालाय, कुणाला लागत नाही. पण झाला होता. शिरूरला डॉक्टरांनी विचारलं तेव्हा आबा, तुम्ही बसला होता, आणि मी नाही म्हणालो."

मुलाच्या चुलत्यानं हातातली बशी चहा न संपवताच खाली ठेवली. ती ठेवली, हे सगळ्यांनी पाहिलं. दारातल्या पाहुण्या बायकांपैकी एक थोडी मागं सरकली. मुलाचे वडील माझ्याकडं न बघता म्हणाले, "कॅन्सर न्हाई ही आनंदाचीच गोष्ट हाय. पर टीबी म्हंजी... घरात बारकी पोरं हायत आमच्या. इचार करावा लागंल."

बन्सीआबा माझ्यावर चिडले. "अवं, बरा झाला ना रोग? मग झाकली मूठ ठेवायची! हितं चार माणसांत काढायची काय गरज हुती?"

"गरज होती, आबा," मी म्हणालो. "मूठ मी झाकली आणि श्वास तिचा कोंडला."

सुनंदा दाराच्या चौकटीला धरून उभी होती. मी उठलो. आमच्याकडे पुरुष बायकोपुढं चार माणसांत उभा राहून बोलत नाही, आणि हात तर जोडतच नाही. मी जोडले. मी म्हणालो:

"सुनंदा, टीबी झाला यात तुझी काही चूक नव्हती. आईनं तुला माहेरी धाडलं तेव्हा मी अडवलं नाही. भेटायला आलो नाही. तुझं तोंड आम्ही बंद केलं, आणि पार तुझ्या जिवावर बेतलं तरी मी ते उघडू दिलं नाही. तू मरतीयस असं वाटत होतं तेव्हासुद्धा मी लोकांचाच विचार करत होतो. लाज तुझ्या आजाराची नव्हती, माझ्या वागण्याची होती. माझं चुकलं. या सगळ्यांसमोर सांगतो, माझं चुकलं. मला माफ कर."